आवाज गेला म्हणजे संगणक गेला नाही

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीची नेहमीची सुरक्षा-अद्यतने थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक अधिकृतपणे बाद ठरले. मावळ तालुक्यात असे संगणक शोधायला लांब जावे लागत नाही. वडगावातले एखादे कार्यालय, कामशेतमधले झेरॉक्सचे दुकान, पवन मावळातल्या माध्यमिक शाळेची लॅब, लोणावळ्यातल्या लॉजचे काउंटर अशा ठिकाणी ते अजून रोज चालू होतात. त्यांचा प्रोसेसर ठीक असतो, स्क्रीन ठीक असते, फार तर कीबोर्डच्या चार कळा झिजलेल्या असतात. ही यंत्रे आणखी काही वर्षे सुरक्षितपणे कामात ठेवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे त्यांच्यावर लिनक्स टाकणे.

अनेक उत्साही शिक्षक आणि दुकानदार ते करतातही. लिनक्स मिंट किंवा उबुंटू पेन ड्राइव्हवरून तासाभरात बसते. इंटरनेट चालते, मराठी टायपिंग चालते, प्रिंटरही बहुधा चालतो. मग कोणी तरी बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’वरचा व्हिडिओ लावतो. चित्र हलते, आवाज येत नाही. थोडा वेळ खटपट होते आणि निकाल लागतो, की लिनक्सवर साउंड चालत नाही. संगणक परत जुन्या, अद्यतने नसलेल्या विंडोजवर जातो किंवा कोपऱ्यात कापड टाकून ठेवला जातो.

हा निकाल चुकीचा आहे आणि तो महागात पडतो. मदरबोर्डवरच्या साउंडचा दोष ठरावीक जागी असतो. तो क्रमाने शोधता येतो आणि बहुतेक वेळा एक रुपयाही न घालता दूर होतो. गरज आहे ती हा क्रम मराठीतून तालुक्यातल्या प्रत्येक शाळेपर्यंत आणि प्रत्येक दुरुस्तीच्या दुकानापर्यंत पोचवण्याची. हे काम कोणा एकाच्या हौसेवर सोडून चालणार नाही.

आधी यंत्रात काय असते ते पाहू. १९९० च्या दशकात संगणकात आवाज हवा असेल तर साउंड ब्लास्टरसारखे वेगळे कार्ड विकत घ्यावे लागे. १९९७ मध्ये इंटेलने एसी-९७ हे मानक आणले आणि साउंड हळूहळू मदरबोर्डवरच येऊ लागला. २००४ मध्ये त्याची जागा हाय डेफिनिशन ऑडिओ या नव्या मानकाने घेतली आणि आजही बहुसंख्य डेस्कटॉप त्यावरच चालतात. मदरबोर्डच्या कडेला एक लहान चौकोनी चिप असते, बहुधा तैवानच्या रिअलटेक कंपनीची. तिला अनेक पाय असतात. कोणता पाय मागच्या हिरव्या जॅकला जोडायचा, कोणता पुढच्या हेडफोनच्या जॅकला आणि कोणता माइकला, हे मदरबोर्ड बनवणारी कंपनी ठरवते आणि तशी नोंद बायोसमध्ये करते.

खरी मेख इथे आहे. ती नोंद काही वेळा चुकीची किंवा अपुरी असते. विंडोजवर ते जाणवत नाही, कारण कंपनी स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये दुरुस्ती घालून देते. लिनक्ससाठी बहुतेक कंपन्या तेवढे कष्ट घेत नाहीत. मग ज्याच्याकडे ते मॉडेल आहे त्यानेच दोष कळवायचा आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, विकसकांनी दुरुस्ती लिहायची, असे चालते. लिनक्स कर्नलमधली रिअलटेक चिपांसाठीची फाइल याच रीतीने वाढत दहा हजार ओळींच्या पुढे गेली. तिच्यात मोठा भाग एकेका मॉडेलच्या बारीक दुरुस्त्यांचा आहे. जगात कुठे तरी कोणाचा तरी लॅपटॉप बोलेना, त्याने चिकाटीने माहिती पाठवली, म्हणून तिथे एक ओळ वाढली.

लिनक्सच्या साउंडचा गोंधळ वाढवणारी दुसरी गोष्ट म्हणजे त्याचा इतिहास. १९९२ मध्ये हान्नू सावोलाइनेन यांनी लिनक्ससाठी पहिली साउंड व्यवस्था लिहिली. तीच पुढे ओएसएस म्हणून ओळखली गेली. १९९८ मध्ये यारोस्लाव्ह किसेला यांनी ‘अल्सा’चे काम सुरू केले आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नलपासून अल्सा मुख्य झाले. एकाच वेळी अनेक प्रोग्रामचे आवाज मिसळता यावेत म्हणून त्याच्यावर ‘पल्सऑडिओ’ आले. ते २००७ मध्ये फेडोरा या लिनक्स आवृत्तीत आणि २००८ मध्ये उबुंटूत रुजू झाले. आता त्याची जागा विम टायमान्स यांच्या ‘पाइपवायर’ने घेतली आहे. फेडोराने एप्रिल २०२१ मध्ये ते स्वीकारले, लिनक्स मिंटने २०२४ मधल्या २२ व्या आवृत्तीत. खाली ड्रायव्हर म्हणून अल्सा मात्र अजूनही आहेच. युनिक्सच्या बाकीच्या घरांत वेगळी रीत आहे. फ्रीबीएसडीने ओएसएसच्या धर्तीची व्यवस्था कर्नलमध्येच ठेवली, तर ओपनबीएसडीने ‘एसएनडीआयओ’ नावाची आपली साधी व्यवस्था उभी केली.

सामान्य वापरणाऱ्याला या नावांशी काय देणेघेणे? एवढेच, की इंटरनेटवर सापडणारा सल्ला कोणत्या काळातला आहे ते आधी पाहावे. २००८ साली पल्सऑडिओ काढून टाकल्याने कोणाचा आवाज परत आला असेल. तोच सल्ला आजच्या मिंटवर वापरला तर चालू असलेली व्यवस्था मोडते. इंग्रजीतून, तुकड्यातुकड्यांत, तारीख न पाहता आज्ञा उतरवून घेण्यात जेवढी यंत्रे बिघडली असतील तेवढी मूळ दोषाने बिघडली नसतील. म्हणून काहीही काढून टाकण्याआधी तपासणी करायची, हा पहिला नियम.

नळाला पाणी आले नाही तर शहाणा प्लंबर थेट भिंत फोडत नाही. टाकीत पाणी आहे का, कॉक उघडा आहे का, तोटी चोंदली आहे का, असे एकेक पाहत जातो. साउंडचा मार्गही तसाच तपासता येतो. त्यात पाहण्याजोग्या जागा पाच.

पहिली जागा डोळ्यांनी दिसणारी. स्पीकरला वीज आहे का, त्याचे बटण फिरवलेले आहे का, पिन हिरव्या जॅकमध्येच आहे का. गुलाबी जॅक माइकचा आणि निळा बाहेरून आत येणाऱ्या आवाजाचा, ही रंगांची रीत १९९९ च्या पीसी-९९ या मार्गदर्शिकेपासून चालत आली आहे. स्पीकर काढून तिथे साधा इअरफोन लावून पाहावा. पुढच्या जॅकला आवाज नसेल तर मागच्या जॅकला पाहावा. पुढच्या पॅनलपासून मदरबोर्डपर्यंत एक वेगळी वायर जाते. असेंबल केलेल्या संगणकात ती जोडायची राहून जाणे किंवा साफसफाईत निघून येणे अगदी नेहमीचे आहे.

दुसरी जागा म्हणजे पेन ड्राइव्हची परीक्षा. लिनक्स इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालवता येते. तसे चालवून आवाज आला तर चिप, जॅक आणि वायर ठीक आहेत आणि दोष हार्ड डिस्कवरच्या मांडणीत आहे. नाही आला तर बायोसमध्ये ऑनबोर्ड ऑडिओ बंद करून ठेवला आहे का ते पाहावे. ही एक परीक्षा अर्धे प्रश्न निकालात काढते आणि तिने यंत्रातले काहीही बदलत नाही. ज्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत तिथे आणखी एक गोष्ट करावी. विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ करून लिनक्समध्ये आल्यास काही रिअलटेक चिपा विंडोजने ठेवलेल्या अवस्थेतच अडकून राहतात. संगणक पूर्ण बंद करून, वायर काढून, मिनिटभर थांबून सुरू केला की त्या नीट जाग्या होतात.

तिसरी जागा सर्वांत जास्त वेळा सापडणारी आहे. आवाज चुकीच्या दारातून बाहेर जात असतो. एचडीएमआय वायर चित्राबरोबर आवाजही नेते. मॉनिटर एचडीएमआयने जोडला की अनेकदा लिनक्स आवाज त्याच्याकडे पाठवते आणि मॉनिटरला स्पीकर असेलच असे नाही. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून ‘एचडीएमआय’ऐवजी ‘ॲनालॉग’ निवडले की काम संपते. ‘पाव्हूकंट्रोल’ हा छोटा प्रोग्राम इथे फार उपयोगी आहे. त्यात प्रत्येक कार्ड, त्याचे प्रोफाइल आणि कोणत्या जॅकमध्ये पिन आहे असे यंत्राला वाटते, हे सगळे एका खिडकीत दिसते. व्हिडिओ चालू असताना त्यातली पट्टी हलत असेल तर प्रोग्राम आवाज पाठवतो आहे. अडचण त्याच्या खाली आहे, एवढे नक्की कळते.

चौथी जागा मिक्सर. वर दिसणाऱ्या आवाजाच्या पट्टीखाली अल्साचे स्वतःचे अनेक खटके असतात: मास्टर, हेडफोन, फ्रंट, पीसीएम. त्यातला एखादा बंद राहिला तर वरची पट्टी शंभरावर नेऊनही उपयोग होत नाही. टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ उघडावे, एफ-६ दाबून खरे कार्ड निवडावे आणि ज्या पट्टीखाली दोन ‘एम’ दिसतात तिच्यावर जाऊन ‘एम’ ही कळ दाबावी. उजव्या टोकाला ‘ऑटो-म्यूट मोड’ असतो. हेडफोन लावला की स्पीकर बंद करण्याची ती सोय आहे. जॅकने चुकीची खबर दिली तर हीच सोय स्पीकरचा आवाज बंद करून बसते. ती बंद केली की स्पीकर बोलू लागतो.

पाचवी जागा म्हणजे पाइपवायर किंवा पल्सऑडिओ. हा मधला कारभारी अडकला तर वापरणाऱ्याने लॉग-आउट करून परत यावे, बहुतेक वेळा तेवढे पुरते. लॅबमध्ये एका विद्यार्थ्याचे खाते उघडे असताना दुसऱ्याचे खाते उघडले तर साउंड पहिल्याकडेच अडकल्याची उदाहरणे असतात. आधीच्याला पूर्ण लॉग-आउट करायला लावणे हाच उपाय. नव्या लॅपटॉपची गोष्ट थोडी वेगळी आहे. इंटेलच्या अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत साउंडसाठी स्वतंत्र फर्मवेअर लागते. डेबियन या लिनक्स आवृत्तीने असे फर्मवेअर पूर्वी मुख्य इन्स्टॉलरमध्ये ठेवले नव्हते. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून धोरण बदलले आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते सोबत येते. जुनी डीव्हीडी वापरून नवा लॅपटॉप मुका वाटला तर दोष लॅपटॉपचा नाही, डीव्हीडीच्या वयाचा आहे.

या पाचांपैकी पहिल्या जागेकडे मावळात जास्त लक्ष द्यावे लागते. लोणावळ्यात वर्षाला साधारण ४ हजार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. घाटमाथ्यावर धुके दिवसदिवस खाली उतरलेले असते, कपडे वाळत नाहीत, वह्यांची पाने लाटांसारखी होतात. संगणकाच्या जॅकमधल्या पातळ धातूच्या पट्ट्यांवर याच दमटपणाने गंज आणि काळपट थर चढतो. पिन आत गेली आहे की नाही, हे ओळखणारा लहानसा खटकाही त्याच जॅकमध्ये असतो. तो चिकटला की पिन नसताना यंत्राला हेडफोन लावल्यासारखे वाटते आणि ते स्पीकर बंद करते. उलटही होते. पिन लावलेली असताना पाव्हूकंट्रोलमध्ये जॅकपुढे ‘अनप्लग्ड’ असे दिसत राहते. लिनक्स बदलून, परत टाकून, तिसऱ्यांदा टाकून हा दोष जाणार नाही, कारण तो लिनक्समध्ये नाहीच.

उपाय साधा आहे. संगणक बंद करून पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करावी. घासण्यानेच थर निघतो. नाही निघाला तर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा काँटॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल थोडे वापरावे आणि पूर्ण वाळल्यावरच वीज द्यावी. खटका कायमचा गेला असेल तर ‘एचडीए-जॅक-रीटास्क’ या प्रोग्रामने यंत्राला सांगता येते, की या जॅकच्या खबरेवर विश्वास ठेवू नकोस, तो जोडलेलाच समज. शेवटचा मार्ग म्हणजे दोन-तीनशे रुपयांचे यूएसबी साउंड कार्ड. ते कोणत्याही वेगळ्या ड्रायव्हरविना चालते आणि मदरबोर्डचा जॅक पूर्ण बाजूला ठेवता येतो. त्यासाठी संगणक बदलण्याचे काहीच कारण नाही.

शाळांनी आणखी एक गोष्ट पाळायला हवी. पावसाळ्यात बंद ठेवलेला संगणक चालू संगणकापेक्षा लवकर खराब होतो. यंत्र चालू असले की त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतली हवा कोरडी राहते. लॅबला कुलूप लावून यंत्रे जपली जातात, हा समज मावळाच्या हवेत खोटा ठरतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा तासभर सगळे संगणक सुरू करणे आणि प्रत्येकावर आवाज वाजवून पाहणे, एवढा नेम पुरेसा आहे. आवाज येतो पण त्यात सतत घुमल्यासारखा ‘हूं’ असा सूर असतो, ही तक्रारही शाळांत नेहमीची. प्रार्थनेसाठी संगणक ॲम्प्लिफायरला जोडला की तो सूर मोठा होतो. तो आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेचा असतो आणि त्याचा दोष बहुधा खोलीच्या अर्थिंगमध्ये किंवा दोन वेगळ्या प्लगांवरून घेतलेल्या जोडणीत सापडतो. तिथे वायरमनला बोलवावे, संगणकवाल्याला नाही.

आवाजाचा प्रश्न काहींना दुय्यम वाटेल. काम तर स्क्रीनवर होते, असे म्हटले जाते. पण जे विद्यार्थी पाहू शकत नाहीत त्यांच्यासाठी आवाज हाच स्क्रीन आहे. ग्नोम डेस्कटॉपबरोबर २००६ पासून ‘ओर्का’ हा स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम मिळतो आणि ‘ईस्पीक-एनजी’ हे वाणीयंत्र मराठीही बोलते. त्यासाठी परवान्याचे पैसे लागत नाहीत. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये तर सुरुवातीलाच ‘एस’ दाबून बोलता इन्स्टॉलर सुरू करता येतो. संगणकात एकापेक्षा जास्त साउंड कार्डे असतील तर तो प्रत्येकावर बोलून पाहतो आणि ज्या कार्डावरून आवाज ऐकू येईल तिथे एंटर दाबायला सांगतो. दृष्टिहीन माणूस कोणाच्याही मदतीशिवाय संगणक उभा करू शकेल, एवढा विचार या मांडणीत आहे. त्यामुळे एचडीएमआयकडे वळलेला आवाज किंवा वीज वाचवण्यासाठी चिप झोपवण्याच्या सेटिंगमुळे कापला गेलेला पहिला शब्द, या गोष्टी डोळस माणसाला किरकोळ वाटल्या तरी ओर्का वापरणाऱ्याचे काम तिथेच थांबते. ज्या शाळेत एकही असा विद्यार्थी आहे तिथे साउंडची तपासणी रोजच्या कामात धरली पाहिजे.

एकेक शक्यता तपासत जाण्याची शिस्त या परिसराला नवीन नाही. लोणावळ्यातली आयएनएस शिवाजी ही नौदलाची संस्था १९४५ पासून जहाजांच्या इंजिनांचे शिक्षण देते. तिथे दोष शोधणे हा अभ्यासाचाच भाग आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभे केले. योगक्रियांचे शरीरावरचे परिणाम प्रयोगशाळेत मोजायचे, हा त्यांचा आग्रह होता आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक त्यासाठी त्याच वर्षी निघाले. १९८७ मध्ये वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने इंद्रायणी हे वाण दिले. संशोधन केंद्रातले ज्ञान खाचरापर्यंत पोचले, म्हणून आज तो तांदूळ गावोगावच्या ताटात आहे. संगणकाच्या बाबतीत ही शेवटची पायरी राहून गेली आहे.

ज्ञान मात्र जवळच आहे. पुणे-लोणावळा लोकलच्या एका टोकाला सी-डॅक १९८८ पासून उभे आहे. सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय भाषांतली लिनक्स आवृत्ती तयार केली. रेड हॅटच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी ‘लोहित देवनागरी’ हा खुला फॉण्ट अनेक वर्षे सांभाळला. पुणे ग्नू-लिनक्स यूजर्स ग्रुपसारखे हौशी तज्ज्ञांचे गट आहेत. केंद्र सरकारने मार्च २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरणही जाहीर केले. तळेगाव, कान्हे, कामशेत, मळवली ही स्टेशने याच मार्गावर आहेत. तरी एखाद्या शाळेचा आवाज गेला तर काय करायचे हे सांगणारे एक पान मराठीत भिंतीवर लावलेले सापडत नाही.

केरळने हे काम करून दाखवले आहे. तिथे शाळांचे संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. पूर्वीची ‘आयटी ॲट स्कूल’ आणि आताची ‘काइट’ ही सरकारी संस्था उबुंटूवर आधारलेली, मल्याळममधली आपली आवृत्ती शाळांना देते आणि शिक्षकांना प्रशिक्षणही देते. २०१८ मध्ये ‘लिटिल काइट्स’ नावाने विद्यार्थ्यांचे गट सुरू झाले. त्यात लाखाहून अधिक मुले आली आणि हार्डवेअर हे त्यांच्या शिक्षणातले एक अंग आहे. मुलांना यंत्र उघडायला, तपासायला आणि परत जोडायला शिकवले की शाळा बाहेरच्या माणसावर अवलंबून राहत नाही. महाराष्ट्रात आयटीआयमधला ‘कोपा’ म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट हा ट्रेड तेच करू शकतो. मावळातल्या कोपाच्या विद्यार्थ्यांनी प्रशिक्षणाचा भाग म्हणून जवळच्या शाळांचे संगणक तपासले तर त्यांनाही खरी यंत्रे हाताळायला मिळतील.

लिनक्सवर टीका करणाऱ्यांचे एक म्हणणे रास्त आहे. विंडोजवर साउंडसाठी एवढे करावे लागत नाही. शिक्षकांकडे आधीच कामांचा ढीग आहे आणि त्यांनी टर्मिनल शिकत बसावे ही अपेक्षा बरोबर नाही. पण वरच्या पाच जागांपैकी पहिल्या तीन तपासायला टर्मिनल लागत नाही, आणि दोष बहुधा तिथेच असतो. उरलेल्या दोन जागांसाठी केंद्रस्तरावर एक जाणकार माणूस असला तरी पुरे. दुसरीकडे, नव्या विंडोजसाठी शाळेची सगळी लॅब बदलायची तर लागणारा पैसा ग्रामीण शाळेकडे नसतो. देणगीची वाट पाहण्यात एकेक वर्ष जाते आणि तेवढ्यात एक तुकडी संगणकाविना दहावी होऊन बाहेर पडते.

करायच्या गोष्टी म्हणूनच छोट्या आणि ठोस आहेत. शाळेला किंवा ग्रामपंचायतीला नवा-जुना संगणक मिळाला की ताब्यात घेतानाच पुढच्या आणि मागच्या जॅकवर आवाज वाजवून, माइकवर रेकॉर्ड करून पाहावे आणि तशी नोंद ठेवावी. पाच जागांचा क्रम चित्रांसह एका पानावर मराठीत छापून प्रत्येक लॅबमध्ये लावावा आणि नवी आवृत्ती आली की ते पान बदलावे. पानावर तारीख ठळक असावी. ज्या मॉडेलचा दोष या क्रमाने सुटत नाही त्याची माहिती ‘अल्सा-इन्फो’ या तयार स्क्रिप्टने गोळा करून विकसकांकडे पाठवावी. हे काम कामशेतच्या दुकानदारालाही करता येते. त्याने पाठवलेल्या माहितीवरून झालेली दुरुस्ती कर्नलमध्ये शिरली तर पुढच्या आवृत्तीत त्या मॉडेलचा प्रत्येक संगणक जगभर आपोआप बोलू लागतो.

आणि सर्वांत तातडीची गोष्ट निर्लेखनाची. सरकारी शाळांत आणि कार्यालयांत संगणक डेड स्टॉक रजिस्टरवर असतो आणि तो भंगारात काढताना निर्लेखनाचा प्रस्ताव जातो. त्या प्रस्तावात ‘नादुरुस्त’ एवढा एक शब्द पुरतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने एका परिपत्रकाने ठरवावे, की पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहिले का, आवाज कोणकोणत्या जॅकवर तपासला, यूएसबी साउंड कार्ड लावून पाहिले का, या तीन प्रश्नांची उत्तरे आणि तपासणाऱ्याची सही असल्याशिवाय संगणकाचे निर्लेखन मंजूर होणार नाही. विंडोज १० चा आधार संपल्यामुळे असे प्रस्ताव आता वाढत जातील, म्हणून हे परिपत्रक पुढच्या वर्षाची वाट न पाहता याच शैक्षणिक वर्षात निघायला हवे.